कोळंबीच्या टरफलातले पाणी

जुलै महिन्यातल्या त्या सकाळी मी प्रयोगशाळेत पोहोचलो, तेव्हा माझी विद्यार्थिनी मोजणीयंत्रासमोर चिंतेत बसली होती. आदल्या संध्याकाळी ज्या इलेक्ट्रॉनिक पट्टीने दर वेळी ठरावीक उत्तर दिले होते, तीच पट्टी आता 1 व्होल्टच्या, 20 मिलिसेकंदांच्या विजेच्या त्याच स्पंदाला जवळजवळ तिप्पट प्रवाह देत होती. रात्री मुसळधार पाऊस पडला होता, वीज गेली होती आणि हवा कोरडी ठेवणारे यंत्र सकाळपर्यंत बंदच होते. पण त्या क्षणी आमच्यापैकी कोणीही या गोष्टींचा विचार केला नाही.

ही पट्टी म्हणजे पॉलिइमाइड या प्लास्टिकच्या लवचीक फितीवर घडवलेला ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेचा प्रवाह कमी-जास्त करणारा घटक. त्याची वाहिनी, म्हणजे प्रवाह वाहण्याचा मार्ग, इंडियम-झिंक-ऑक्साइडची असून वाहिनी आणि तिच्यातला प्रवाह नियंत्रित करणारे टोक, म्हणजे गेट, यांच्यामध्ये कायटोसानचा पापुद्रा असतो. हे कायटोसान आम्ही रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावरून आणलेल्या कोळंबीच्या टरफलांतून स्वतः काढले होते. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने टरफलांतला कॅल्शियम कार्बोनेट घालवायचा, सौम्य अल्कलीने प्रथिने काढायची, मग ती दाट कॉस्टिक सोड्यात तापवायची आणि हाती आलेली भुकटी पातळ अ‍ॅसेटिक आम्लात विरघळवून तिचा पापुद्रा वाळवायचा, असे हे काम चालते.

गेटवर धन स्पंद दिला की पापुद्र्यातले प्रोटॉन वाहिनीच्या कडेला सरकतात, त्यांच्या ओढीने वाहिनीत इलेक्ट्रॉन जमतात आणि प्रवाह वाढतो. स्पंद संपल्यावर प्रोटॉन सावकाश मागे फिरतात, आणि ते पुरते परतण्याआधी दुसरा स्पंद आला तर त्याचे उत्तर पहिल्यापेक्षा मोठे येते. मेंदूतल्या चेतासंधीतही, म्हणजे दोन चेतापेशींमधल्या जोडावरही, लागोपाठच्या दोन संदेशांतला दुसरा अनेकदा जास्त जोरकस ठरतो, कारण पहिल्या संदेशाच्या वेळी आत शिरलेले थोडे कॅल्शियम तिथे अजून शिल्लक असते. हे साम्य मला या कामात सर्वांत मोलाचे वाटते, आणि त्यासाठीच आम्ही हा पदार्थ निवडला होता.

त्या सकाळी आमचा पहिला संशय गळतीवर गेला. गेटमधून वाहिनीत थेट प्रवाह झिरपत असेल, तर ते वाढलेले उत्तर आधीच्या स्पंदांची स्मृती नसून दोष ठरला असता. ही सगळी खेप टाकून द्यावी, असे मीच म्हणालो. विद्यार्थिनीने मात्र आधी गळती मोजण्याचा आग्रह धरला, आणि ती आदल्या दिवसाइतकीच अल्प निघाली. मग तिने भिंतीवरच्या आर्द्रतामापकाकडे बोट दाखवले. काटा 84 टक्क्यांवर होता.

दुपारी आम्ही दोन बरण्या मांडल्या. एकीत साध्या मिठाचे संपृक्त द्रावण ठेवले, ज्याच्यावरच्या बंद हवेत 25 अंश तापमानाला आर्द्रता सुमारे 75 टक्के राहते. दुसरीत मॅग्नेशियम क्लोराइडचे ठेवले, जे ती 33 टक्क्यांच्या आसपास धरते. बुचातून तारा ओवून पट्टी कोरड्या बरणीत टांगली, तेव्हा दोन तासांत तिचे उत्तर कालच्याहूनही खाली उतरले. दमट बरणीत हलवल्यावर ते पुन्हा चढले, आणि आम्ही हा फेरा तीनदा करून पाहिला. कायटोसानमधले प्रोटॉन पाण्याच्या एका रेणूवरून दुसऱ्यावर उड्या घेत पुढे जातात. हवेतले पाणी पापुद्र्यात शिरले की त्यांची वाट सोपी होते, आणि पाणी निघून गेले की वाटच तुटते. पाठ्यपुस्तकातली ही गोष्ट मी वर्गात कित्येकदा शिकवलेली आहे, तरीही आमच्या नोंदवहीत चार महिन्यांच्या एकाही मोजणीपुढे आर्द्रता लिहिलेली नव्हती.

त्या नोंदी आम्ही बाजूला ठेवल्या आणि मोजण्या पहिल्यापासून घ्यायला घेतल्या. पापुद्रा पूर्ण बंदिस्त करावा, असे काही सहकारी सुचवतात. मला ते पटत नाही, कारण त्वचेवर बसवायच्या पट्टीसाठी घामाचा ओलावा ओळखणे हाच या पदार्थाचा उपयोग ठरू शकतो. सध्या निम्म्या पट्ट्यांवर मधमाशीच्या मेणाचा पातळ थर दिला आहे आणि निम्म्या उघड्याच ठेवल्या आहेत.