सामरीचा मुखवटा आणि निळा धूर

रामसे बंधूंच्या हिंदी भयपटात भुतापेक्षा प्रकाशयोजना बघावी. धूर सोडायचा आणि त्याच्या मागून निळा किंवा हिरवा जिलेटिन (रंगीत पारदर्शक कागद) लावलेला दिवा मारायचा. दिवा मागे असला तरच धूर दाट दिसतो; समोरून मारला की तो पांढुरका, विरळ दिसतो आणि मागचा सेट उघडा पडतो. वारा सुटला की शॉटच्या मध्येच धुकं गायब! अशा वेळी कट मारून थेट घुबड किंवा करकरणारं दार.

मुखवट्याचं दुखणं वेगळं. जाड रबर चेहऱ्याबरोबर हलत नाही आणि गळ्यापाशी कड दिसते. म्हणून राक्षस खालून प्रकाश टाकून, क्षणभरच दाखवायचा. ‘पुराना मंदिर’मध्ये (१९८४) सामरी नावाचा राक्षस झालेल्या अनिरुद्ध अग्रवालची उंची आणि चेहराच इतका भेदक, की रंगरंगोटीवर सगळी भिस्त ठेवावी लागली नाही. त्याच सिनेमात जगदीपचा ‘शोले’ छाप विनोदी ट्रॅक येतो आणि भीतीची पार वाट लागते. तरी तो कापू नये असंच वाटतं.

पैसा वाचायचा तो घरातच. भावांपैकी तुलसी-श्याम दिग्दर्शन करायचे, कॅमेरा गंगूकडे, ध्वनी किरणकडे. ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) तर महाबळेश्वरात उरकला. खरी वास्तू मिळाली की सेटचा खर्च वाचतो, शिवाय भिंतीवरची ओल आणि शेवाळ फुकटात.