बिअरचा ज्यूस करताना

२०१० साली मी अंधेरीतल्या एका डबिंग स्टुडिओत असिस्टंट एडिटर म्हणून चिकटलो. पहिल्याच आठवड्यात आमच्या सीनियर दादांनी एक हार्ड डिस्क पुढ्यात ठेवली. "जपानी कार्टून आहे. फॅमिली कॉमेडी. पोरांच्या चॅनेलला जाणार. लिस्ट येईल, तसं साफ कर." एपिसोड बावीस मिनिटांचा. तो साफ करायला मला अकरा दिवस लागले.

तेव्हाची हवाच तशी होती. २००८ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने 'शिन-चॅन' या जपानी कार्टून मालिकेवर बंदी घातली होती आणि पुढच्या वर्षी मालिका काटछाट होऊन परत आली होती. त्यामुळे जपानी काही घेतलं की चॅनेलवाले दुधाने तोंड पोळल्यासारखे ताकही फुंकून प्यायचे. काय दाखवायचं आणि काय नाही हे ठरवायला त्यांच्याकडे वेगळी माणसं असतात, त्यांना 'एस अँड पी', म्हणजे 'स्टँडर्ड्स अँड प्रॅक्टिसेस' म्हणतात. त्यांची यादी आली. टाइमकोड, दृश्य, शेरा. एकूण सोळा शेरे. आईने पोराला हाणलेल्या टपल्या, बाबांच्या हातातला बिअरचा कॅन, वीज कडाडते तिथले फ्लॅश, आणि बापलेकाची अंघोळ.

टपल्या अर्ध्या तासात उरकल्या. हात उगारला की कट. पोराच्या डोक्यावरचं टेंगूळ पुढचे तीन शॉट तसंच होतं, पण टेंगळावर कुणाचा शेरा नव्हता.

फ्लॅशवर मी हुज्जत घातली नाही. १६ डिसेंबर १९९७ ला जपानमध्ये 'पोकेमॉन'चा एक भाग दाखवला गेला. त्यात एका स्फोटाच्या वेळी लाल-निळा प्रकाश सेकंदाला बारा वेळा लखलखला. सुमारे ६८५ मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं आणि मालिका चार महिने बंद राहिली. स्फोट झाला होता मालिकेतल्या लाडक्या पिकाचूच्या विजेने. बदनाम झाला त्या भागातला दुसराच प्राणी, बिचारा पोरीगॉन, त्याला पुढे मालिकेत जवळपास जागाच मिळाली नाही. आमच्या एपिसोडमध्ये नुसतं पावसाळी गडगडणं होतं, तरी मी ते एकेक फ्रेम पाहून मंद केलं. या धंद्यात कुणाच्या भल्यासाठी कात्री चालवली असं मला खात्रीने वाटतं, ते एवढंच.

मग बिअर. चित्रातला कॅन तसाच ठेवायचा, लेबल धूसर करायचं आणि संवादात 'ज्यूस' म्हणायचं, असं ठरलं. अडचण अशी की कॅन संपल्यावर बाबांचं नाक लाल होतं, ते टेबलावर चढतात आणि टाय डोक्याला बांधून गातात. आमच्या हिंदी संवाद लिहिणाऱ्या ताईंनी तो तुकडा चार वेळा पाहिला, चहा मागवला आणि लिहिलं, "बाप रे, कितना खट्टा ज्यूस है!" आंबट लागलं म्हणून नाचतात! मी हसलो, तर म्हणाल्या, "हसू नकोस. अमेरिकेत भाताच्या ओनिगिरीला जेली डोनट म्हटलंय. हातात पांढरा त्रिकोण, त्याला काळी पट्टी, आणि म्हणे डोनट. आपलं निदान आंबट तरी आहे." 'वन पीस' या जपानी कार्टूनमधल्या सांजीच्या तोंडातली सिगारेट काढून तिथे लॉलीपॉप रंगवला होता, हेही त्यांनीच सांगितलं. एवढा मोठा दाढीवाला आचारी मारामारी करतोय आणि तोंडात लॉलीपॉप.

अंघोळीने मात्र घाम काढला. जपानी घरात रात्री गरम पाण्याच्या टबात लहान मुलाला घेऊन बसणं ही रोजची गोष्ट. यादीत तिच्यापुढे लिहिलं होतं, "नग्नता, चाळीस सेकंद." दादांनी झूमची युक्ती सांगितली. फ्रेम मोठी करायची, म्हणजे नुसते चेहरे उरतात. चित्राच्या रेषा थोड्या पुसट झाल्या, पण चाललं असतं. दोन दिवस घालून पाठवलं आणि चॅनेलकडून एका ओळीत परत आलं, "पूर्ण सीन काढा."

काढायला काय, दोन बटणं. पण बाबा पोराला सायकलचं वचन देतात ते त्या टबात, आणि पुढची सगळी कथा त्या सायकलवर उभी. लहानपणी असल्या भोकात मी स्वतः पडलो होतो. 'पोकेमॉन'मध्ये नायक ऍशकडे टॉरस नावाच्या बैलांचा कळपच्या कळप कुठून आला, हे मला कधी कळलं नाही. तीस टॉरस तो ज्या भागात पकडतो, त्यात पिस्तूल रोखलेलं आहे म्हणून अमेरिकेत तो दाखवलाच नाही, आणि आपल्याकडे आलेली आवृत्ती त्यांच्याकडूनच कापून आलेली. आता तसंच भोक मी पाडत होतो.

सोडवलं पुन्हा ताईंनीच. अंघोळीनंतर दोघं जेवायला बसतात, तिथे बाबांचा सहा सेकंदांचा पाठमोरा शॉट होता. पाठमोरा माणूस म्हणजे डबिंगवाल्यांची लॉटरी. ओठ दिसत नाहीत, काहीही बोलवा. सायकल तिथे कोंबली. सहा सेकंदांत मावेना म्हणून मी तो शॉट अकरा सेकंदांचा केला. अशा ॲनिमेमध्ये, म्हणजे जपानी कार्टूनमध्ये, बोलताना चित्र बहुतेक स्थिरच असतं, त्यामुळे फ्रेम ताणलेली सहसा कळत नाही. संगीताचा सांधा उडत होता, त्यावर वाटी ठेवल्याचा आवाज टाकला. एकूण एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंद गेले होते. बाकीची भरपाई रस्त्याच्या आणि घराच्या बाहेरच्या शॉटनी केली. त्या भागात ते घर बाहेरून जरा जास्तच वेळा दिसतं.

तिसऱ्या खेपेला चॅनेलचा 'ओके' आला. दादांनी वडापाव मागवले.

टेलिकास्टच्या दिवशी मी मुद्दाम चिंचवडला ताईकडे, म्हणजे माझ्या सख्ख्या बहिणीकडे गेलो. भाचा सात वर्षांचा. आंबट ज्यूसवर तो लोळून हसला, टेंगूळ त्याने पाहिलंही नाही. माझा अकरा सेकंदांचा शॉट आला, मी श्वास धरला. शॉट सुरळीत गेला, सायकलचं वचनही झालं. मग पोराचा चेहरा पडद्यावर आला.

"मामा, याचे केस ओले कसे?"

हा शॉट मी पन्नासदा तरी पाहिला असेन. कपाळाला चिकटलेले केस आणि त्यातून टपकणारा एक थेंब, व्यवस्थित काढलेला.

"पाऊस आला असेल रे बाहेर."

त्याने पडद्याकडे बोट केलं. बाबांच्या मागच्या खिडकीत स्वच्छ आभाळ होतं, चंद्र आणि चार चांदण्या.