एक बैलजोडी, दोन गाड्या आणि तीन चाकांचा घोडा

आबांकडं बैलजोडी एकच होती पण गाड्या दोन होत्या. लहानपणी मला याचं कोडं पडायचं, जोडी एकच तर दुसरी गाडी कशाला, आणि एकदा विचारलं तर आबा म्हणले, "बैल उभा ऱ्हायला तरी कडबा खातो, गाडी उभी ऱ्हायली तर काय खाती का?" तेव्हा डोक्यावरून गेलं. समजलं ते तीसेक वर्षांनी, आणि ते पण इंग्लंडच्या रेल्वेच्या एका तीनचाकी गाडीचं दीड बोटाएवढं मॉडेल हातात आल्यावर. आज त्याच गाडीबद्दल लिहायलोय, बरेच दिवस मनात होतं.

आबा लातूरला जुन्या स्टेशनच्या मालधक्क्यावरून गंजगोलाईच्या बाजारपेठेपर्यंत माल वाहायचे. ती आपली बार्शी लाईट रेल्वेची छोटी गाडी, अडीच फुटी रूळ म्हणजे ७६२ मिलिमीटर, लातूरला १९११ मध्ये आली आणि कुर्डुवाडीला मोठ्या लाईनीला जोडलेली. येणारा माल कुर्डुवाडीला मोठ्या डब्यातून छोट्या डब्यात हमालांनी भरायचा, मग लातूरला परत उतरवायचा, आणि मग बिल्टी, म्हणजे मालाची रेल्वे पावती, सोडवून आणायची ती व्यापाऱ्यानं स्वतः. रेल्वेचं काम धक्क्यावर संपलं. पुढचा मैल-दीड मैल रस्ता म्हणजे आमचे आबा आणि त्यांची देवणी जोडी.

मला मॉडेल रेल्वेचा नाद लागून आता बारा वर्षं झाली. घरात वरच्या खोलीत सहा फूट बाय दोन फुटाच्या प्लायवर एक इंग्लिश गुड्स यार्ड, म्हणजे रेल्वेच्या मालाचं आवार, केलंय, १९५० च्या आसपासचं, डबे आहेत, डबे इकडून तिकडं लावायचं छोटं शंटिंगचं इंजिन आहे, विटांचं गोदाम आहे. सगळं करून बघितलं पण यार्ड मेल्यासारखं दिसायचं. काय कमी आहे ते मला वर्षभर कळलं नाही. मग एका जुन्या फोटोत गोदामाच्या दारात ती गाडी दिसली, पुढं एकच चाक, वर बसकं केबिन, मागं लांब ट्रेलर, आणि मी आधी म्हणलं हा तर आपला टेम्पो! ते पूर्वी नाकाडे तीनचाकी टेम्पो असायचे ना, तसाच. पण तो टेम्पो नव्हता, त्याचं नावच मेकॅनिकल हॉर्स, यंत्राचा घोडा.

तर झालं असं की इंग्लंडात रेल्वे कंपन्या माल स्टेशनवर टाकून मोकळ्या होत नव्हत्या, दुकानाच्या दारात नेऊन द्यायच्या आणि कारखान्यातून उचलून पण आणायच्या. त्यासाठी हजारो घोडे पाळलेले, तबेले, नालबंद, चारा, डॉक्टर सगळा पसारा. १९२३ पासून तिथं चार मोठ्या कंपन्या होत्या, ग्रेट वेस्टर्न, एलएमएस, एलएनईआर आणि सदर्न, आणि १९२८ च्या कायद्यानं त्यांना रस्त्यावर वाहनं चालवायचा मोकळा अधिकार मिळाला. साधी लॉरी घ्यायची तर अडचण अशी की सगळी यार्डं घोड्याच्या मापानं बांधलेली, अरुंद बोळ, दगडी फरसबंद रस्ता, गोदामाच्या दारात जागेवर वळायचं. घोडा जागेवर वळतो, लॉरी वळत नाही. म्हणून मग १९३० मध्ये कॅरियर कंपनीनं एलएमएससाठी कॉब नावाची तीनचाकी काढली, आणि नेपियर कंपनीनं एक डिझाईन सुरू केलं होतं ते वॉटफर्डच्या स्कॅमेल कंपनीनं विकत घेऊन सुधारलं आणि १९३३ मध्ये मेकॅनिकल हॉर्स बाजारात आणला. तीन टनी आणि सहा टनी असे दोन प्रकार. पुढचं एकच चाक जवळपास आडवं फिरायचं, त्यामुळं पूर्ण गाडी स्वतःच्या लांबीएवढ्या जागेत गर्रकन वळायची. स्पीड फार नव्हता, ताशी वीसेक मैल, पण गावातल्या गावात त्याची गरज पण नव्हती.

पण तीन चाकं ही खरी हुशारी नाहीच. खरी हुशारी मागच्या जोडणीत आहे आणि मला आबा आठवले ते तिथंच.

बैलगाडी सोडली की काय करतात ते खेड्यात वाढलेल्याला सांगायला नको, बैल बाहेर काढायचे आणि जुवाखाली टेकू द्यायचा म्हणजे गाडी नाकावर पडत नाही. स्कॅमेलच्या ट्रेलरला पुढं तसाच टेकू आहे, फक्त त्याला दोन छोटी चाकं लावलेली. ड्रायव्हर नुसता रिव्हर्स घेतो, ट्रेलरचा पुढचा भाग पुढच्या तीनचाकी गाडीच्या उतरत्या पट्ट्यांवर चढतो, आकडे आपोआप अडकतात, ब्रेकची जोडणी आपोआप होते आणि ती छोटी चाकं आपोआप मागं दुमडून वर जातात. सोडायचं असलं की केबिनमध्ये बसूनच एक दांडा ओढायचा, खाली उतरायचं कामच नाही. त्यामुळं एका घोड्याला तीन ट्रेलर ठेवता यायचे, एक गोदामात भरला जातोय, एक गिऱ्हाईकाच्या दारात रिकामा होतोय आणि एक रस्त्यावर. इंजिन महाग, ते उभं ठेवायचं नाही. ट्रेलर स्वस्त, तो दिवसभर उभा राहिला तरी चालतो.

म्हणजे आबांची दुसरी गाडी! धक्क्यावर हमाल एक गाडी भरायचे तोवर आबा दुसरी गंजात रिकामी करून यायचे आणि जोडी तिकडची सोडून इकडं जुंपायचे. चौथी शिकलेला माणूस, त्यांनी स्कॅमेलचं नाव ऐकायचा प्रश्नच नव्हता. मला त्या रात्री झोप लागली नाही, आबा असते तर त्यांना फोटो दाखवला असता, त्यांनी आधी चाकं बघितली असती आणि मग आख बघितला असता.

स्कॅरब ही स्कॅमेलची पुढची गाडी, १९४८ ची. १ जानेवारी १९४८ ला चारही कंपन्या सरकारी होऊन ब्रिटिश रेल्वे झाली आणि त्याच वर्षी ही गोल बोनेटची, पत्र्याच्या केबिनची नवी गाडी आली. इंजिन खाली बसवल्यामुळं वजन खाली राहिलं आणि तीन चाकांवर पण गाडी जास्त स्थिर झाली. ज्यांना ब्रिटिश लेआउट, म्हणजे मॉडेल रेल्वेची मांडणी, करायचाय त्यांनी हे साल पक्कं लक्षात ठेवा, कारण १९३० च्या दशकातल्या यार्डात गोल स्कॅरब उभी केली तर चूक आहे, तिथं जुना चौकोनी केबिनचा मेकॅनिकल हॉर्स पाहिजे. रंग पण कंपनीवार, ग्रेट वेस्टर्नचा चॉकलेटी आणि क्रीम, एलएनईआरचा निळा, सदर्नचा हिरवा, एलएमएसचा मरून. सरकारी झाल्यावर किरमिजी आणि क्रीम, आणि साठच्या दशकात पिवळा. मला किरमिजी-क्रीमच आवडतो, विटांच्या गोदामापुढं तो उठून दिसतो.

रेल्वेची रस्त्यावरची वाहनं म्हणजे नुसत्या माल वाहायच्या गाड्या नव्हत्या हे पण सांगतो. ग्रेट वेस्टर्ननं १७ ऑगस्ट १९०३ ला कॉर्नवॉलमध्ये हेल्स्टन ते लिझर्ड बस सुरू केली, कारण तिथवर रूळ टाकणं परवडत नव्हतं. आणि हे वाचून आपल्या लोकांनी परकं समजायचं कारण नाही, आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि निजाम स्टेट रेल्वेनं १९३२ मध्ये स्वतःचा रोड ट्रान्सपोर्ट विभाग काढला, २७ बस आणि १६६ कर्मचारी. त्यात स्कॉटलंडच्या अल्बियन कंपनीच्या बस होत्या. म्हणजे रेल्वेच्या मालकीची बस ही गोष्ट आमच्या आज्या-पणज्यांना पण नवी नव्हती. आंध्रची एसटी पुढं त्यातूनच उभी राहिली. मला कुणी त्या बसचं चांगलं मॉडेल करून दिलं तर मी लेआउटवरची निम्मी जागा तिला देईन.

आता मॉडेलचं बोलतो. ब्रिटिश लेआउट बहुतेक ओओ स्केलमध्ये असतात, १:७६, सोप्या भाषेत ४ मिलिमीटर म्हणजे १ फूट. १६ फुटी ट्रेलर ६४ मिलिमीटरचा होतो, साडेपाच फुटी माणूस २२ मिलिमीटरचा. यात एक गंमत आहे, ओओचा रूळ १६.५ मिलिमीटर रुंद असतो पण खरं गणित केलं तर तो १८.८३ पाहिजे, म्हणजे डबे एका मापाचे आणि रूळ दुसऱ्या मापाचा. रुळाकडं डोळा सरावतो, पण डब्याशेजारी उभ्या गाडीचं माप चुकलं तर लगेच खटकतं. मी सुरुवातीला १:८७ च्या दोन लॉऱ्या आणून ठेवल्या होत्या, स्वस्त मिळाल्या म्हणून, त्या गोदामाच्या दारात पोरांच्या खेळण्यासारख्या दिसायला लागल्या, आणि आपल्याकडं दुकानात मिळतात त्या १:६४ च्या गाड्या उलट हत्तीसारख्या. १:७६ च सांगून मागवा, ऑक्सफर्ड डायकास्टचा मेकॅनिकल हॉर्स आणि स्कॅरब दोन्ही त्या मापात आहेत, आणि लँगली कंपनीचे व्हाईट मेटल नावाच्या धातूचे किट पण येतात, ते जोडायला वेळ लागतो पण हात बसतो.

एक गोष्ट मला फार आवडते ती ही की छोट्या गाड्यांचा सगळा खेळच रेल्वेच्या पोटातून आलाय. डिंकी टॉईज आज लोक लाखमोलाच्या जपतात, त्या सुरुवातीला हॉर्नबीच्या खेळण्यातल्या रेल्वे सेटला शोभा म्हणून काढल्या होत्या, १९३३ च्या शेवटी, मॉडेल्ड मिनिएचर्स या नावानं. डिंकी हे नाव १९३४ मध्ये पडलं आणि लगेच पुढं त्यांनी मेकॅनिकल हॉर्स पण काढला. मॅचबॉक्सनं पण केला, त्यांचा १० नंबर.

माझी स्कॅरब पुण्याच्या आतेभावाकडून आली, तो इंग्लंडला कामाला गेला होता तेव्हा त्यानं आणली. लातूरला कुरिअरनं पाठवली तर डबा दबलेला, पुढचं चाक निखळून आत खुळखुळायलं होतं. माझ्या तर जिवाचं पाणीच झालं. चाकाचा आख तुटला होता, मग पिनेचा तुकडा कापून नवा आख केला, आणि तो करताना चाक थोडं डावीकडं वळवून बसवलं. कंपनीनं सरळ दिलं होतं, पण वळलेल्या चाकामुळं ती गाडी आत्ताच रिव्हर्स येऊन थांबली असं वाटायला लागलं. आता मी सगळ्यांना सांगतो, उभ्या गाडीचं चाक थोडं वळवा.

दुसरा आणि तिसरा ट्रेलर मी घरीच केला. लग्नपत्रिकेचं जाड कार्ड, त्यावर ब्लेडनं फळ्यांच्या रेघा, कडेला खुंट्या म्हणून काड्यापेटीच्या काड्या तासून. पोती एम-सीलची, ओली असताना बोटानं मधोमध दाबायची म्हणजे एकावर एक बसल्यासारखी दिसतात. ताडपत्री टिश्यू पेपरची, पातळ फेविकॉलमध्ये भिजवून. दोरी शिवणाचा दोरा, मेण लावलेला, नाहीतर तंतू उभे राहतात. टायर खालून पॉलिश पेपरवर दोनच वेळा घासायचे, भरल्या गाडीचं टायर खाली बसतं ना, तेवढं. धूळ म्हणून मी पहिल्यांदा आपल्या शेतातली काळी माती चाळून लावली तर ती इंग्लंडला शोभेना, मग चुलीतली राख आणि किंचित वीटचुरा.

आणि मग मांडणी, इथं मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. आधी स्कॅरब ट्रेलरला जोडून रस्त्याच्या मधोमध ठेवली, जशी सगळे ठेवतात. बरोबर वाटेना. शेवटी एक ट्रेलर गोदामाच्या दारात एकटाच उभा केला, छोट्या चाकांच्या टेकूवर, अर्धा भरलेला, वर दोन हमाल. दुसरा फाटकाजवळ रिकामा. स्कॅरब तिसरा ट्रेलर घेऊन फाटकाबाहेर निघालेली, अर्धी लेआउटच्या कडेला. त्या दिवशी पहिल्यांदा यार्डात काम चालू आहे असं दिसलं. आमची ही खोलीत आली आणि म्हणली, "ही गाडी अशी सोडून कुठं गेला ड्रायव्हर?" मला एवढं बरं वाटलं म्हणून सांगू.

स्कॅरबचं उत्पादन १९६७ ला बंद झालं. त्याच वर्षी फेब्रुवारीत न्यूमार्केटला चार्ली नावाचा ब्रिटिश रेल्वेचा शेवटचा शंटिंगचा घोडा निवृत्त झाला. खरा घोडा आणि यंत्राचा घोडा, दोघं एकाच वर्षी. आबांनी बैल विकले ते पण असंच, धक्क्यावर ट्रक यायला लागले आणि हळूहळू भाडं मिळेना, जोडी औश्याच्या बाजारात गेली. दोन्ही गाड्या मात्र कितीतरी वर्षं वाड्याच्या मागं टेकूवर उभ्या होत्या, आम्ही पोरं त्याच्यावर खेळायचो.

आता पुढचं काम लातूरचा मालधक्का. हिशेब करून बघितला तर ७६२ मिलिमीटरचा रूळ १:७६ मध्ये जवळपास १० मिलिमीटर होतो, आणि ९ मिलिमीटरचा एन गेजचा, म्हणजे ओओहून लहान मापाच्या मॉडेल रेल्वेचा, रूळ बाजारात तयार मिळतो, त्याला तिकडं ओओ९ म्हणतात, तेवढा फरक मी चालवून घेणार आहे. डबे घरीच करावे लागतील. बैल साडेचार फुटी धरले तर १८ मिलिमीटरचे, पांढऱ्यावर काळे ठिपके, देवणीच पाहिजेत, तयार मिळणारी इंग्लिश गुरं चालणार नाहीत कारण त्यांना वशिंड नसतं. पहिल्या बैलाचं वशिंड एम-सीलचं करून बघितलंय, जरा मोठं झालंय, वाळलं की तासतो. गाड्या दोन करणार, जोडी एकच.