तुम्ही विचारलंत म्हणून: १९५१ ची ती टीम

"काका, आपल्या कोल्हापुरात पेठापेठांत फुटबॉल असताना, हातात बॉल धरून पळणाऱ्या त्या अमेरिकनांचं काय घेऊन बसलाय?" शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर दर मोसमात कुणीतरी हे विचारतंच. एकदाच सांगतो.

युनिव्हर्सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्को. जेझुइटांचं छोटं कॉलेज. १९५१ साली नऊ सामने खेळले, नऊही जिंकले. ओली मॅटसन एकटा त्या मोसमात बॉल घेऊन १५६६ यार्ड पळाला, त्या वर्षी देशात सगळ्यांत जास्त. मग दक्षिणेकडच्या बाउल सामन्यासाठी, म्हणजे मोसम संपल्यावर निवडक टीमांना बोलावून होणाऱ्या मानाच्या सामन्यासाठी, विचारणा झाली: या, पण मॅटसन आणि बर्ल टोलर या दोघा काळ्या पोरांना मागं ठेवून. टीम म्हणाली, मग आम्हीही येत नाही. बाउलचे पैसे बुडाले, आणि आधीच तोट्यात असलेला फुटबॉल कॉलेजनं त्या मोसमानंतर बंद केला. समोरच्या टीमा लेच्यापेच्या होत्या म्हणून बोलावलं नाही, असंही काहीजण म्हणतात. म्हणोत.

"त्यापेक्षा खाशाबांचं सांगा." सांगतो की! १९५२ ला हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कुस्तीत ब्राँझ घेतलं, त्याच ऑलिंपिकात मॅटसननं ४०० मीटरमध्ये. खाशाबांना पाठवायला राजाराम कॉलेजच्या खर्डेकर प्राचार्यांनी स्वतःचं घर गहाण टाकलं होतं. माझं तर काहीच गहाण पडणार नव्हतं.

१९६८ साल. मी तालुक्याच्या कॉलेजचा कॅप्टन. बाहेरगावच्या स्पर्धेला आमची उतरायची सोय एका बड्या घरी होती. आदल्या दिवशी निरोप आला, "तुमच्या त्या लेफ्ट हाफला आणू नका. आमच्यात पंगतीला चालत नाही." सर गप्प. मीच म्हणालो, "मी सांगतो त्याला."

तो होस्टेलच्या ओट्यावर बसून बुटाच्या स्टडचा निघालेला खिळा दगडानं ठोकत होता. मी म्हणालो, "तुझा गुडघा अजून बरा नाही. या खेपेला राहा." त्यानं पाय लांब करून गुडघा वाकवून दाखवला. दोनदा. मग माझ्या तोंडाकडं बघितलं. "बरं," म्हणाला, आणि बूट माझ्या हातात दिले. "राखीव गड्याला होतील."

मी ते घेतले.

दुसऱ्याच सामन्यात हरलो आम्ही. जिंकलो असतो तर तेव्हा मी सगळं विसरूनही गेलो असतो, हे कबूल करतो. एकोणीस वर्षांच्या पोराला काय कळतंय, असं पुष्कळ वर्षं स्वतःला समजावलं. ती पोरं काय म्हातारी होती? मग म्हणायचो, त्यांच्यामागं अख्खी टीम उभी होती. पण मी माझ्या टीमला विचारलं कुठं? आणि विचारलं असतं, तर काय म्हणाली असती? खरं सांगू, मला अजूनही खात्री नाही.

पुढच्या मोसमात तो खेळला नाही. गेल्या वर्षी एका लग्नात भेटला. मी कठड्याला धरून हॉलचा जिना चढत होतो. माझ्या कोपराला हात देत म्हणाला, "गुडघा दुखतोय व्हय?"