एल्ड्रिज स्ट्रीटवरची झिजलेली जमीन

देवळाचे उंबरे झिजवले असं आपण नुसतं म्हणतो, पण पायांनी खरोखर झिजलेलं लाकूड मी बघितलं ते इथे न्यूयॉर्कला, आणि तेही ज्यू लोकांच्या जुन्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे त्यांच्या प्रार्थनास्थळात.

मॅनहॅटनच्या चायनाटाउनमध्ये एल्ड्रिज स्ट्रीट आहे, सगळीकडे चिनी पाट्या, आणि मध्येच ही मोठ्ठ्या गोल खिडकीची इमारत. १८८७ सालची. रशिया, पोलंड तिकडून छळाला कंटाळून आलेले ज्यू, कोंदट खोल्यांत दाटीवाटीने राहायचे, बरेचजण दिवसभर शिवणकाम करायचे, आणि अशा लोकांनी हे एवढं उभं केलं! तोराहच्या, म्हणजे त्यांच्या धर्मग्रंथाच्या, २४ गुंडाळ्या मावतील असं अक्रोडाच्या लाकडाचं कोरीव कपाट आहे आत. खांब संगमरवरी वाटतात पण तो नुसता रंग आहे, जवळ गेल्यावर कळतं.

आणि खाली पाइनच्या फळ्या. ज्यू लोक प्रार्थना करताना पुढेमागे डुलतात, तर बाकांसमोर जिथे पुरुष उभे राहायचे (बायका वर गॅलरीत) तिथे लाकडात चक्क खळगे पडलेत. मी वाकून हात फिरवला, बोटांना स्पष्ट लागतात. किती वर्षं, किती माणसं उभी राहिली असतील तिथे, मला तर भरूनच आलं.

पुढे १९२४ च्या अमेरिकेतल्या स्थलांतराच्या कायद्याने नवीन माणसं येणं जवळजवळ थांबलं, जुनी दुसरीकडे राहायला गेली आणि १९५० च्या दशकात मोठा हॉल बंदच झाला. वर छप्पर गळतंय, कबुतरं शिरलीत आणि खाली तळघरात उरलेली थोडी मंडळी प्रार्थना करतायत, असं कितीतरी वर्षं चाललं. १९७१ ला जेरार्ड वुल्फ नावाचे प्रोफेसर आत गेले आणि मग हळूहळू वाचवायची धडपड सुरू झाली, काम पूर्ण व्हायला २००७ उजाडलं. आता म्युझियम आहे. एवढं सगळं दुरुस्त केलं पण त्या झिजलेल्या फळ्या तशाच ठेवल्या, हे मला सगळ्यात आवडलं.

न्यूयॉर्कला आलात तर नक्की जा, फक्त शनिवार सोडून, शनिवार ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, तेव्हा बंद असतं. आमच्या अलिबागकडे बेने इस्रायली लोकांना, म्हणजे तिथल्या ज्यूंना, शनवार तेली म्हणायचे ना, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून, दारावरची वेळ वाचताना मला पहिली आठवण तीच झाली.