सात संकल्प, एक डीपी आणि बिनसाखरेचा चहा

मागच्या वर्षीची डायरी अजून कपाटात आहे. बँकेचीच, दरवर्षी मिळते ती. १ जानेवारी २०२५ च्या पानावर सात संकल्प लिहिलेत, तेही इतक्या सुबक अक्षरात की माझं मलाच हसू येतं. पहाटे पाचला उठणे. बारा सूर्यनमस्कार. साखर बंद. रात्री दहानंतर फोन बंद. महिन्याला दोन पुस्तके. खर्चाचा रोज हिशेब. चिडचिड कमी करणे. ११ तारखेनंतरची पानं कोरी आहेत, मग एकदम मार्चमध्ये गॅस सिलिंडर लावल्याची तारीख.

या खेपेला निदान कारण तरी खरं होतं. डिसेंबरात केलेल्या तपासणीत एचबीए१सी ६.२ आलं होतं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, ६.५ ला उंबरठा ओलांडला. वडिलांना पंचेचाळिशीत झाला होता, मी अठ्ठेचाळीसचा. डॉक्टर फार बोलले नाहीत. "साखर कमी करा, जेवल्यावर चाला, काही महिन्यांनी परत बघू." रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि ही तपासणी त्यांना चिकटलेल्या साखरेवरून गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. म्हणजे आदल्या दिवशी उपाशी राहून तिला फसवता येत नाही. इन्स्पेक्शनच्या आदल्या रात्री फायली लावायची सवय असलेल्या आमच्यासारख्यांची इथे पंचाईत.

दोन-तीन संकल्प तसेही डळमळत होते, संक्रांतीने निकाल लावला. "गूळच तर आहे, साखर कुठंय?" असं म्हणत पहिला लाडू खाल्ला. (गुळातही बहुतेक साखरच असते, हे मला तेव्हाही माहीत होतं.) मग उपवासाला चुकून पोळीचा तुकडा तोंडात गेला की होतं तसं झालं. मोडलाच आहे तर आता सरळ जेवूनच घेऊ! रात्रीपर्यंत नऊ लाडू. गंमत म्हणजे दुसऱ्या दिवसापासून सूर्यनमस्कारही बंद झाले. त्यांचा आणि तिळगुळाचा काय संबंध, कोण जाणे. पण माझ्या डोक्यात साती संकल्प एकाच दोऱ्यात ओवलेले होते. एक मणी गळला आणि माळच गेली.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी, आपण नक्की किती साखर खातो ते बघावं म्हणून बायकोने केकसाठी आणलेला वजनकाटा काढला. आमच्या घरचा एक चमचा, सपाट भरून, ५ ग्रॅम. दिवसाला पाच चहा, प्रत्येकात दोन चमचे. ५० ग्रॅम. दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिलात तर उत्तम, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि माझा तर नुसता चहाच दुप्पट. महिन्याचा हिशेब दीड किलो. तेवढी साखर परातीत ओतून मी बघत बसलो होतो. बायको म्हणाली, "अहो, मुंग्या लागतील. बघून झालं असेल तर भरा परत."

त्या वर्षी गुढीपाडवा ३० मार्चला, रविवारी आला, दुसऱ्या दिवशी मार्चअखेर. बँकेत असणाऱ्यांना सांगायला नको, संकल्प करण्याइतकं डोकं कुणाचं जाग्यावर नव्हतं. आईने नेहमीप्रमाणे कडुलिंबाची पानं, गूळ, जिरं, हिंग वाटून गोळी हातावर ठेवली. तोंड वाकडं करून ती खाल्ली आणि नंतरच्या चहात दोनऐवजी दीड चमचा साखर घातली. डायरीत काही लिहिलं नाही. रात्री जेवणाचं ताट सिंकमध्ये ठेवलं आणि हात धुऊन थेट चप्पल घातली. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर विजेची डीपी आहे. जाऊन-येऊन २२४ पावलं भरतात, मोजली आहेत. शतपावलीपेक्षा जास्तच! तेवढंच ठरवलं. ताट ठेवलं की डीपी.

आधी मी चालायला मुहूर्त शोधायचो. सात वाजता, बातम्या संपल्यावर, जरा निवांत झालं की. निवांत कधी होतच नाही. ताट मात्र रोज उचलावंच लागतं. त्या खुंटीला चालणं अडकवलं आणि ते टिकलं, नाहीतर माझा निर्धार काय लायकीचा आहे ते डायरीत दिसतंच आहे. डीपीपर्यंत गेलं की बहुतेक वेळा पुढे मंदिरापर्यंत जाणं व्हायचं. कंटाळा असेल त्या दिवशी डीपीला हात लावल्यासारखं करून परत. पावसाळ्यात इमारतीच्या पार्किंगमध्ये स्कूटरींमधून चकरा मारल्या. मे महिन्यापासून बायकोही येऊ लागली, आधी भटक्या कुत्र्यांसाठी काठी धरायला म्हणून.

घरचा चहा सोपा गेला. दर पंधरवड्याला अर्धा चमचा कमी. ऑफिसचा अवघड. खालच्या गाड्यावरून किटली येते, साखर आधीच उकळलेली. मी पहिल्यांदा "बिनसाखरेचा" म्हणालो तेव्हा तीन टेबलांवरच्या माना वळल्या. "काय साहेब, शुगर लागली काय?" त्या लाजेपायी पुढचे दोन आठवडे मी निमूट गोड चहा प्यायलो. शेवटी गाड्यावर जाऊन चहावाल्या मामांना विचारलं. ते म्हणाले, "एका कपासाठी वेगळं पातेलं कुठं चढवू? चौघं तरी आणा." म्हणून चौघं शोधायला लागलो, तर आमच्याच शाखेत दोघं निघाले ज्यांना आठ-आठ वर्षं मधुमेह आहे, सकाळी गोळी घेऊन येतात आणि अकराला तोच गोड चहा पितात. वेगळा मागायला लाज वाटते म्हणून! आता दोन किटल्या येतात. आमच्या किटलीच्या कडीला मामांनी लाल सुतळी बांधली आहे.

सवय एकवीस दिवसांत लागते, असं मीही छातीठोक सांगायचो. तो आकडा मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकातून पसरला. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान एकवीस दिवस लागतात, असं त्यांनी पाहिलं होतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ९६ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात सरासरी ६६ दिवस निघाले. कुणाला १८, तर कुणाला २५४ लागतील असा त्यांचा हिशेब. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यात आहे. हे वाक्य मला संक्रांतीच्या रात्री हवं होतं.

पाडव्यापासून सहासष्टावा दिवस ३ जूनला येत होता. त्या दिवशी काही विशेष वाटलं नाही. पण पुढे एका साखरपुड्यात चहाचा घोट घेतला आणि पाक प्यायल्यासारखं झालं. शेजारी बसलेले दुसरा कप मागत होते, म्हणजे चहा नेहमीचाच होता. गणपतीत मोदक मोजून पाच खाल्ले आणि रात्री डीपीपर्यंत गेलो. दिवाळीत चार दिवस चालणं झालं नाही, पाचव्या दिवशी ताट ठेवलं आणि चप्पल घातली. एवढं साधं असतं हे मला अठ्ठेचाळीस वर्षं माहीत नव्हतं.

जुलैत ५.९ आलं, डिसेंबरात ५.८. उंबरठ्यावरून अजून खाली उतरलेलो नाही. वजन तीन किलो कमी. पहाटे पाचला उठणं जमलेलं नाही आणि फोन रात्री साडेअकरापर्यंत हातातच असतो. चिडचिडीबद्दल बायकोला विचारलं तर ती नुसती हसली.

सकाळचा पहिला चहा आई करते. बिनसाखरेचा चहा म्हणजे आजारी माणसाचा, असं तिचं ठाम मत. ती माझ्या कपात गुपचूप पाव चमचा घालते आणि वर विचारते, "आज बरा झालाय ना रे?" मी "झालाय" म्हणतो.