पिंपळगाव ते आझादपूर, कांद्याच्या गाडीतून: झोपायचं कधी आणि कुठे

पिंपळगाव बसवंतहून दिल्लीच्या आझादपूर मंडीपर्यंत साडेबाराशे किलोमीटरच्या आसपास रस्ता आहे. चांदवड, मालेगाव, धुळे, सेंधवा, इंदूर, गुना, शिवपुरी, ग्वाल्हेर, आग्रा, अशी जुन्या आग्रा रोडचीच वाट. मे महिन्यात मालाबरोबर जायचा योग आला. उन्हाळ कांदा, दहाचाकी गाडी, सोळा टनांच्या आसपास माल. गाडीवर ड्रायव्हर नाना (लाइनवरचे सगळेच त्यांना नाना म्हणतात), एक क्लीनर पोरगा आणि मी. आमच्याकडची बरीच पोरं हल्ली मालाबरोबर जायचं म्हणतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय. डिझेल, टोल, हमाली यावर रात्रभर बोलणारी माणसं भेटतील. गाडी चालवणारा झोपणार कधी, हे मात्र कोणी आधी ठरवत नाही. ते निघण्यापूर्वी ठरवा. बाकीचं सगळं रस्त्यात जमतं.

आधी कागदाचं बोलू. मालट्रकमध्ये उतारू बसवता येत नाहीत. पण मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी गाडीत असेल, तर तो विम्याच्या संरक्षणात येतो. मोटार वाहन कायद्याच्या 147 व्या कलमात 1994 साली तशी दुरुस्ती झालेली आहे. तेव्हा खळ्याच्या, म्हणजे व्यापाऱ्याच्या कांदा भरायच्या जागेच्या, लेटरहेडवर आपलं नाव, गाडी नंबर आणि बिल्टी (मालाची वाहतूक-पावती) नंबर टाकून दोन ओळींचं पत्र घ्या आणि बिल्टीसोबत ठेवा. बसायचं केबिनमध्येच. ताडपत्रीवर उताणं पडून चांदण्या बघत जायची हौस असेल तर ती अंगणात भागवून या.

गाडी रात्री नऊला निघाली असं आपण म्हणतो. नाना मात्र सकाळी साडेसहाला उठून सातला खळ्यावर नंबरला, म्हणजे माल भरायच्या रांगेत, लागले होते. गोण्या मोजून घेणं, थर नीट लावून घेणं, वजनकाटा, रस्से, ताडपत्री, सगळं त्यांच्या देखत झालं. कांद्याला ताडपत्री बाजूंनी सैल ठेवावी लागते, नाहीतर माल आतून तापतो आणि दिल्लीत भाव पडतो. त्यामुळे तेवढं काम ते पोराच्या हाती सोडत नाहीत. म्हणजे स्टेअरिंगवर हात ठेवला तेव्हाच ते चौदा-पंधरा तास जागे होते.

सलग सतरा तास जागलेल्या माणसाची चलाखी रक्तात 0.05 टक्के दारू असलेल्या माणसाइतकी उतरते, असं ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 1997 मध्ये दाखवून दिलं. चोवीस तास जागलं की तोच आकडा 0.10 च्या घरात जातो. आपल्याकडे दारू पिऊन गाडी चालवण्याची मर्यादा 0.03 आहे. हिशोब लावला तर मालेगाव-धुळ्याच्या दरम्यानच, चहासुद्धा नीट न मिळालेला ड्रायव्हर कायद्याच्या मापानं प्यायलेल्यासारखाच असतो. म्हणून खळेवाल्यांना माझं सांगणं एवढंच की गाडी नंबरला लागली की ड्रायव्हरला झोपायला पाठवा. गोण्या मोजायला क्लीनर आहे, मुनीम आहे.

चांदवडच्या पुढे राहूड घाट उतरला की थांबायचं, हा नानांचा शिरस्ता. ही थांबायची वेळ झोपेची नव्हे. हातात टॉमी (लोखंडी दांडा) घेऊन ते दहाही चाकांवर ठोकत फिरतात. आवाज बोदा आला की हवा कमी. मग रस्से ओढून बघायचे, ब्रेक ड्रमजवळ तळवा नेऊन किती तापलेत ते बघायचं. दहा मिनिटांत काम होतं आणि कंबरही सुटते. नवख्यानं या वेळी मोबाइल बघत केबिनमध्ये बसू नये. उतरावं, चालावं, पाय मोकळे करावेत. पुढचा थांबा कधी ते सांगता येत नाही.

जेवण धुळ्याच्या अलीकडे. ढाब्यावर शेवभाजीचा वास सुटलेला, वर तेलाचा लाल तवंग. मी मागवली, नानांनी डाळ आणि दोन भाकरी. ‘शेवभाजी उतरल्यावर,’ म्हणाले, म्हणजे माल उतरल्यावर. हे पथ्य मला पटलं. तर्रीवालं जेवण आणि पुढे रात्रीचा सरळ रस्ता ही जोडी वाईट. रात्री दोन ते पाच आणि दुपारी दोन ते चार या वेळांत शरीर आपोआपच झोपेकडे ओढ घेतं, पोट रिकामं असो की भरलेलं. भरलेलं असेल तर ती ओढ आणखी वाढते.

आणि ती वेळ आलीच. दीडच्या पुढे नाना गप्प झाले, मग मान चोळायला लागले, मग खिडकी पूर्ण खाली करून तोंड वाऱ्याला दिलं. क्लीनर पोरानं मला कोपर मारलं. बरोबर जाणाऱ्याचं खरं काम इथे असतं. गप्पा मारून जागं ठेवू, तंबाखू मळून देऊ, गाणी लावू, असल्या उपायांनी दहा-पंधरा मिनिटं निघतात, त्यापुढे नाही. डुलकी लागते तेव्हा डोळे उघडेही असू शकतात. चार-पाच सेकंदांत साठच्या वेगानं गाडी सत्तर-ऐंशी मीटर पुढे जाते आणि ती कोणीच चालवत नसतं. मी म्हणालो, ‘नाना, मला लघवीला जायचंय.’ माणूस झोप आलीय असं कबूल करत नाही, पण लघवीला गाडी थांबवतो. शिरपूरच्या अलीकडे पंपावर गाडी आत घेतली.

इथून वीस-पंचवीस किलोमीटरवर पळासनेर. तिथे ढाबे आहेत, चहा चांगला मिळतो, तरी नाना तिथे झोपायला थांबत नाहीत. 4 जुलै 2023 ला मध्य प्रदेशाकडून घाट उतरून आलेल्या मालट्रकचा ब्रेक निकामी झाला, वाटेतल्या गाड्यांना उडवत तो पळासनेरच्या हॉटेलात घुसला आणि दहा माणसं गेली. बिजासन घाटाचा उतार त्या बाजूनं येतो. घाटाच्या पायथ्याशी, उताराच्या रेषेत किंवा वळणाच्या बाहेरच्या अंगाला गाडी लावून झोपू नये. कितीही ओळखीचा ढाबा असला तरी. तसंच रस्त्याच्या कडेच्या पट्टीवरही झोपू नका. मागून येणाऱ्याला उभी गाडी अंधारात फार उशिरा दिसते, त्यात रिफ्लेक्टर चिखलानं माखलेले असतील तर संपलंच.

पंपावर गाडी लावायचीही पद्धत असते. डिझेलची टाकी भिंतीच्या बाजूला, अगदी लगत, म्हणजे मधे माणूस वाकून नळी घालू शकणार नाही. पुढच्या चाकाला दगड. तोंड बाहेर जायच्या रस्त्याकडे, कारण पहाटे मागे-पुढे करताना खाली कोणी झोपलेलं असू शकतं. मग काचेवर आतून जुनी चादर खोचायची, दोन्ही खिडक्या चार बोटं उघड्या. सीटमागच्या बर्थवर नाना. लांबी त्यांच्यापेक्षा कमी, त्यामुळे गुडघे मोडून, डोकं टाकीच्या बाजूला. टाकीशी खुट्ट झालं तरी जाग यावी म्हणून. झोपेतही माणूस अर्धा पहारेकरीच. मी सीटवर आडवा, गिअरची दांडी पोटरीला. पोरगा ढाब्याच्या खाटेवर. किल्ली नानांच्या कमरेला. दोघांतला एक बाहेर झोपला असेल तर किल्ली गाडीत ठेवायची नाही, हा नियम पाळा.

गाडीखाली मात्र कधीही झोपू नका. दुपारी सावली तिथेच असते, काहीजण चॅसिसला झोळी बांधतात, दिसायला गमतीचं दिसतं. शेजारची गाडी मागे घेणाऱ्याला तुम्ही दिसत नाही. थंडीच्या दिवसांत केबिनमध्ये शेगडी किंवा निखारे घेऊन झोपणं तितकंच जिवावरचं, बंद जागेत धूर न दिसता माणूस मरतो. डासांसाठी कॉइलऐवजी मच्छरदाणी न्या. केबिनमध्ये पडदे, रेक्झिन, फोम, सगळं पेटणारंच असतं.

सकाळी बिजासन घाट चढून सेंधवा. खलघाटला नर्मदा ओलांडली तोवर ऊन इतकं चढलं की केबिनच्या पत्र्याला हात लागेना. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मोठ्या मालट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे. नानांची गाडी त्याआधीची, आणि अशा गाड्या अजून कित्येक वर्षं धावणार. दुपारची झोप मग ढाब्यावरच्या कडुनिंबाखाली. खाटेवर आडवी फळी टाकून जेवण येतं, जेवण झालं की फळी काढायची आणि त्याच खाटेवर लवंडायचं. खाटेचे वेगळे पैसे कोणी मागितले नाहीत, जेवलात म्हणजे खाट तुमची. पोरानं नानांच्या खाटेभोवती जमीन ओली केली आणि गमछा भिजवून दिला. तासाभरात त्यांचा फोन तीनदा वाजला. एकदा गाडीमालक, एकदा आडत्या, एकदा ट्रान्सपोर्टवाला, आणि तिघांचा प्रश्न एकच, ‘कुठे पोहोचला?’

या फोनांबद्दल मला राग आहे. गाडीला जीपीएस लावलेलं, गाडी कुठे आहे ते मालकाला मोबाइलवर दिसतं, तरी झोपलेल्या माणसाला उठवून विचारायचं. बरोबर जाणाऱ्यानं ड्रायव्हरचा फोन झोपेच्या वेळी स्वतःकडे घ्यावा. तिघांना सांगायला तुम्ही आहातच. या प्रवासात तुमचा याहून मोठा उपयोग मला दिसला नाही.

कायद्यानं हे सगळं केव्हाच लिहून ठेवलं होतं. नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या 1961 च्या मोटार ट्रान्सपोर्ट कामगार कायद्यात दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती असं होतं. पण तो लागू होता पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायाला. एक-दोन गाड्यांचा मालक, जो या लाइनवर पावलोपावली भेटतो, तो त्याच्या कक्षेबाहेर होता. रस्ते सुरक्षेवर काम करणाऱ्या सेव्हलाइफ फाउंडेशननं 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या दहा शहरांतल्या पाहणीत ड्रायव्हर दिवसाला सरासरी जवळजवळ बारा तास गाडी चालवतात असं दिसलं, आणि जवळजवळ निम्म्यांनी थकलेलो असलो किंवा झोप आलेली असली तरी चालवतो असं सांगितलं. नानांना हा आकडा सांगितला तर म्हणाले, ‘बाकीचे निम्मे खोटं बोलले.’

इंदूरचा बायपास, देवास, पुढे शाजापूर, ब्यावरा. सरकारी तेल कंपन्यांच्या पंपांवर ‘अपना घर’ नावाची ट्रकवाल्यांची विश्रांतिगृहं झाली आहेत. जुलै 2025 पर्यंत देशभरात 368 ठिकाणी 4,611 खाटा होत्या. अंघोळ, स्वच्छ संडास, प्यायचं पाणी, स्वतः रांधायला जागा. त्याचं मोबाइल अ‍ॅप आहे, निघण्यापूर्वी आपल्या वाटेवरची ठिकाणं बघून ठेवा. मला तिथली व्यवस्था आवडली, पण नाना गाडी सोडून आत झोपायला तयार नसतात. खोलीतून गाडी दिसत नाही, हे त्यांचं म्हणणं. माल, डिझेल, बॅटरी, स्टेपनी, काहीही गेलं तर भरपाई ड्रायव्हरच्या पगारातून. यावर तोडगा आम्ही काढला तो असा: मी आणि पोरगा आळीपाळीनं गाडीत, नाना आत. तीन माणसं असतील तरच हे जमतं, आणि मालाबरोबर एक माणूस पाठवायचा हा मोठा फायदा.

दुसरी रात्र गुना आणि शिवपुरीच्या मधली. तिथे एक युक्ती कामाला आली. झोप अनावर नाही पण डोळे जड, अशा वेळी चहा आधी प्यायचा आणि लगेच वीस मिनिटांचा गजर लावून पडायचं. चहाचा असर चढायला वीस-तीस मिनिटं लागतात, तोवर डुलकी होऊन जाते. उठल्यावर लगेच किल्ली फिरवायची नाही. तोंड धुऊन, गाडीभोवती एक चक्कर मारून, मग. ही झोपेला पर्याय म्हणून नव्हे, पुढच्या सुरक्षित जागेपर्यंत पोहोचण्यापुरती.

ग्वाल्हेर, मुरैना, चंबळचा पूल, धौलपूर, आग्रा, हे सगळं फारसं न थांबता गेलं. दिल्लीत अवजड गाड्यांना दिवसा वेळेचं बंधन असतं, त्यामुळे शहराबाहेर थांबण्याची तयारी ठेवा आणि तो वेळ झोपेतच घालवा. आझादपूरला गाडी लागली, लिलाव व्हायचा होता, हमालांचा आरडाओरडा, हॉर्न, हातगाड्या. त्या गलक्यात नाना बर्थवर पडले ते सहा तासांनी उठले. सगळ्या फेरीतली सलग झोप एवढीच. माल उतरवून घेणं, वजन, गोण्यांचा हिशोब तेव्हा तुमच्या अंगावर घ्या.

सामानात पातळ सतरंजी, हवेची उशी, टॉर्च, कानात घालायचे बोळे, दोन गमछे, ओआरएस, आणि स्वतःचा पाण्याचा जार. बाई मालाबरोबर जाणार असेल तर थांबे फक्त मोठ्या पंपांचे ठरवा, ढाब्यांवर संडासाची खात्री नाही.

परतीला गाडीसोबत येऊ नका. परतीचा माल कधी मिळेल आणि कुठला मिळेल, आग्र्याचा बटाटा की आणखी काही, हे नानांनाही माहीत नसतं. भाडं ठरेपर्यंत ते ट्रान्सपोर्ट नगरात झोप काढतात, त्यात आपण बर्थ अडवू नये. दिल्लीहून पंजाब मेल नाशिकरोडला थांबते. तिकीट आधीच काढून ठेवा, मेमध्ये ऐनवेळी मिळत नाही.